अकराव्या प्रश्नाचं उत्तर

आमच्या विद्यापीठात अध्यापन प्रकल्पांसाठी निधी जाहीर झाला की माझ्या दाराशी प्राध्यापकांची रीघ लागते. मी संख्याशास्त्र शिकवतो, पण त्यासाठी मला कोणी ओळखत नाही. मी सगळ्यांचा 'फॉर्मवाले सर'. कोणाचाही अर्ज मी तासाभरात मार्गी लावतो आणि तो बहुधा मंजूर होतो. याचा मला गर्व होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

अर्जातल्या अकराव्या प्रश्नाशी भल्याभल्यांचं घोडं अडतं. निधी संपल्यावर प्रकल्पाचा लाभ कसा टिकेल, असा तो प्रश्न. आठ वर्षांपूर्वी मी त्याचं एक झकास उत्तर लिहिलं होतं. 'सर्व पाठ चित्रित स्वरूपात उपलब्ध राहतील. त्यानंतर हा विषय शिकवण्यासाठी अर्जदारावर अवलंबून राहावे लागणार नाही.' तो अर्ज मंजूर झाला आणि तेव्हापासून जो तो हे उत्तर जसंच्या तसं उतरवतो. आता ती रीतच पडली आहे. अकरावा प्रश्न तसाही कोण वाचतंय, असं आम्ही चहा पिताना एकमेकांना सांगायचो.

यंदा माझ्या भाचीने अर्ज केला. धाकट्या बहिणीची ही मुलगी भूशास्त्र विभागात सहा वर्षं कंत्राटावर शिकवते आहे. दगड आणि खनिजं हातात घेऊन ओळखायची कशी, हा तिचा विषय. दर उन्हाळ्यात कंत्राट वाढेपर्यंत तिच्या आईच्या घशाखाली घास उतरत नाही. निधी मिळाला की कायम करायच्या यादीत पोरीचं नाव वर सरकेल, असा माझा अंदाज होता. अर्ज मीच लिहिला. सही करताना तिने अकराव्या उत्तरावर बोट ठेवलं आणि हे असं कशाला, असं विचारलं. तू दगडांकडे बघ, कागदांचं मी बघतो, म्हणून मी तिला उडवून लावलं.

एरवी निकालाला चार महिने लागतात. हिचं मंजुरीपत्र नवव्या दिवशी आलं. सोबत तळमजल्यावरची एक खोली, कॅमेरा आणि चाळीस पाठांचं वेळापत्रक. बहिणीने फोनवर माझ्यावर कौतुकाचा वर्षाव केला. मला मात्र ते नऊ दिवस खटकत राहिले. त्या इमारतीत इतकी घाई कोणी कशाचीच करत नाही.

दीड महिन्याने नियोजन विभागाच्या नव्या अधिकारी बाईंनी मला बोलावलं. टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नव्हता. भिंतीवर सगळ्या शिक्षकांचा तक्ता होता, एका पदाला एक चौकोन, आणि काही चौकोन करड्या रंगाने भरलेले. बाईंनी चहा मागवला, माझे आभार मानले. आल्या आल्या त्यांनी जुने सगळे अर्ज वाचून काढले होते, अकराव्या प्रश्नासकट. माझं त्यांच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. करड्या चौकोनांतली पाचही नावं माझ्या ओळखीची होती. या वर्षात एकाने सोडलं, दुसरीचं कंत्राट वाढलं नाही, असं अधूनमधून कानावर आलं होतं आणि मी ते ऐकून सोडून दिलं होतं. त्या पाचही जणांचे अर्ज मी लिहिले होते.

भाचीचा चौकोन अर्धाच रंगवलेला होता. मी त्याचं कारण विचारलं.

"त्यांचे अजून दहा पाठ राहिलेत ना, सर," बाई म्हणाल्या. "ते झाले की पुढच्या वर्षी या पदाची गरज नाही. अर्जदाराने स्वतःच तसं लिहून दिलंय, त्यामुळे कोणाशी वाद घालावा लागत नाही."

मी अर्ज मागे घेण्याची भाषा केली. बाईंनी शांतपणे सांगितलं की प्रकल्प मध्येच सोडणाऱ्याचं कंत्राट वाढत नाही. मग पाठ अपुरे राहिले तर? तर मुदतवाढ. आणि पूर्ण होईपर्यंत पद ठेवावं लागतं, असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

मी तसाच तळमजल्यावर गेलो. भाची फडक्याने दगड पुसत होती. मी तिला सगळं सांगितलं. मग म्हटलं, उरलेले पाठ असे बिघडव की कोणाला ओ की ठो कळू नये. पुन्हा करायला लागतील, वर्षभर तरी निभावेल. जन्मभर शिकवून मी कोणाला असला सल्ला दिला नव्हता.

"ते पाच जण आता काय करतात, मामा?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"तू कधी विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. ती पुन्हा दगड पुसायला लागली. आईसाठी प्रयत्न करून बघते, एवढंच म्हणाली.

दोन आठवडे तिने चालढकल केली. पण वेळापत्रक मागे पडलं म्हणून वरून रोज फोन यायला लागले, आणि एका दुपारी तिने मला खाली बोलावलं. रिकाम्या खुर्च्यांपुढे चुकीचं बोलणं तिला जमत नव्हतं. समोर कोणीतरी हवं होतं. मी पहिल्या रांगेत बसलो.

तिने दोन पांढरे दगड उचलले, एक गारगोटी आणि एक कॅल्साइट. हे दोन्ही नुसते रंगावरून ओळखता येतात, असं तिने कॅमेऱ्याला सांगितलं. मला दगडातलं काही कळत नाही, तरी हे खोटं आहे हे मला तिच्या आवाजावरून कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, चालू दे म्हणून.

"थांबा," ती कॅमेऱ्याला म्हणाली. "मी आत्ता चुकीचं सांगितलं. रंगावर जाऊ नका."

मग तिने लोखंडी खिळा घेतला. कॅल्साइटवर चरा उठला, गारगोटीवर उठला नाही. आम्लाचा थेंब टाकला, कॅल्साइट फसफसला. पाव तासात तिने जे सांगितलं ते एखाद्या लहान पोरालाही समजलं असतं. शिकवताना तिचा चेहरा खुलला होता.

"काही शंका?" तिने शेवटी माझ्याकडे बघत विचारलं.

मी जीव तोडून शोधली. एखादी तरी शंका मला हवी होती, जिच्या उत्तरासाठी पुढच्या वर्षी तिला तिथे उभं राहावं लागेल. मला एकही सापडली नाही.