पाचचं फाटक

तरणतलावावर तिला तोंडावर सगळे 'बाई' म्हणायचे आणि पाठ फिरली की 'शिट्टी'. जीवरक्षक म्हणून ती लागली तेव्हा तिशीही उलटली नव्हती, आता चाळिशी आली होती. त्यातली शेवटची आठ वर्षं ती रोज पहाटे साडेतीनला उठत होती, आणि त्यातली एकही पहाट तिला आवडली नव्हती.

खरं तर तलाव सहाला उघडायचा. पण आठ वर्षांपूर्वी तिथे पोहायला येणाऱ्या एका डॉक्टरांनी व्यवस्थापकाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि व्यवस्थापक तिला म्हणाला, "चार-पाच चांगली माणसं आहेत, बाई. पाचला पोहायला येऊ म्हणतात. थोडे दिवस बघा."

ते थोडे दिवस काही संपले नाहीत. पाचला माणसं पाण्यात उतरायची, म्हणजे तिला चारला पोचणं आलं. पंप सुरू करायचा, लांब दांड्याच्या जाळीने पानं आणि मेलेले किडे काढायचे, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा, लागेल तेवढं क्लोरीन सोडायचं आणि ते सगळीकडे पसरेपर्यंत थांबायचं. मग फाटक उघडून उंच खुर्चीवर बसायचं आणि दुसऱ्यांचं पोहणं बघायचं. ती स्वतः तरुणपणी स्पर्धांत पोहलेली होती. आता कुणी गटांगळ्या खाल्ल्या तरच ती पाण्यात उतरायची.

घरात ओटा आणि सासूबाईंची खाट एकाच खोलीत. नवरा दुपारपाळीचा, त्याला ढोल वाजवला तरी जाग येत नसे. सासूबाईंची झोप मात्र सशाची. गॅस पेटला की त्यांचं सुरू व्हायचं.

"तू पोहतेस का?"

"नाही."

"मग त्या लोकांच्या पोहण्यापायी माझी झोप का मोडतेस?"

ती चहा पुढे करायची. सासूबाई चहा घ्यायच्या आणि चहालाही नावं ठेवायच्या.

पाचच्या मंडळींत चौघं होते. लाकडाच्या वखारीवाले दोघे भाऊ, बँकेतल्या एक बाई, आणि म्होरके डॉक्टर. डॉक्टर एकाहत्तर वर्षांचे, हृदयाचे नावाजलेले, आता निवृत्त. आपण एक दिवसही चुकलो नाही, हे ते भेटेल त्याला सांगायचे. न भेटणाऱ्यांसाठी त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्याचं कात्रण स्वतःच तलावाच्या सूचनाफलकावर लावलं. लेखात थंड पाणी होतं, मनाचा निग्रह होता, आळशी तरुण पिढी होती. 'पहाट कुणी कुणाला देत नाही, ती आपली आपण मिळवावी लागते,' असं शेवटी लिहिलं होतं. बाकं पुसता पुसता तिने तो लेख दोनदा वाचला. त्यात फाटक उघडणारं कुणी नव्हतं. तिने फडका पिळला तो असा, की त्याची शिवण उसवली.

त्यानंतरच्या आठवड्यात सासूबाईंना ताप भरला. पहाटे कपडे बदलून, औषध देऊन निघेपर्यंत उशीर झाला. तलावावर तिने धावतपळत सगळं उरकलं, तरी फाटक उघडायला पाच वाजून नऊ मिनिटं झाली. डॉक्टर घड्याळात बघत उभे होते.

"नऊ मिनिटं, बाई."

"सासूबाईंना ताप आहे."

"अडचणी सगळ्यांच्याच घरी असतात. अडचण असूनही वेळ पाळली, तर ती शिस्त."

उभा जन्म माणसांच्या छातीला नळी लावण्यात गेला, पण ताप किती आहे एवढं विचारायचं त्यांना सुचलं नाही. दोन दिवसांनी व्यवस्थापकाने तिला बोलावलं. टेबलावर डॉक्टरांची लेखी तक्रार होती, खाली तिघांच्या सह्या.

"दोन ओळी लिहून द्या," व्यवस्थापक म्हणाला. "चूक झाली, पुन्हा होणार नाही. विषय मिटेल."

"माझ्या नेमणुकीचा कागद काढा."

"तो कशाला आता?"

"काढा हो. त्यात वेळ काय लिहिलीय?"

व्यवस्थापकाने कागद काढला आणि वाचायचं सोडून तो खिडकीबाहेर बघू लागला. तिने स्वतःच बोट ठेवून वाचलं. सहा.

"मग उद्यापासून सहा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पावणेपाचला आली, मागच्या दाराने आत गेली आणि शांतपणे कामाला लागली. पाचला चौघं फाटकाशी जमले. गजांतून त्यांना ती दिसत होती आणि तिला ते. तिने पानं काढली, नळीत थेंब टाकले, रंग बघितला. थंडी चांगलीच होती. धाकटा वखारवाला टॉवेल डोक्यावर घेऊन उभा होता.

"बाई, हा पोरखेळ आहे!" डॉक्टर ओरडले.

"तलावाची वेळ सहाची आहे."

"इतक्या वर्षांत माझा एक दिवस चुकलेला नाही!"

"माहीत आहे मला. रोज फाटक मीच उघडत होते."

"तुम्हाला त्याचा पगार मिळतो."

"सहापासूनचा मिळतो. पाच ते सहा तुम्ही फुकट वापरलंत. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर लेख!"

बँकेतल्या बाई मान खाली घालून गाडीत जाऊन बसल्या. डॉक्टर मात्र सहापर्यंत गज धरून उभे राहिले, आणि फाटक उघडल्यावर पोहायला आत न येता घरी गेले. आठ वर्षांतला तो पहिला खाडा. तिला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, याचा तिने थोडा विचार केला आणि सोडून दिला.

डॉक्टर समितीकडे गेले. समितीत त्यांचे दोन जुने रुग्ण होते. बाईंवर जबरदस्ती करता येत नाही, असं ठरलं, पण डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडणार असतील तर किल्ली द्यावी, असंही ठरलं. जिवाचं बरंवाईट झाल्यास तक्रार नाही, असं चौघांनी लिहून दिलं. आणि पाणी तयार कसं करायचं ते बाईंनी डॉक्टरांना शिकवावं, असा हुकूम निघाला.

तिने शिकवलं. पंपाचा खटका, जाळी, थेंब, रंगांचा तक्ता, क्लोरीनचं माप, सगळं दाखवलं आणि एका कागदावर ओळीने लिहूनही दिलं. काही लपवलं नाही. एवढ्या रागातसुद्धा पाण्याशी खोटेपणा करायला तिचं मन धजेना.

"क्लोरीन सोडल्यावर थांबायचं," तिने दोनदा सांगितलं. "घाई करायची नाही."

"बाई, मी चाळीस वर्षं माणसांची हृदयं सांभाळली आहेत."

"हृदयाला शेवाळ धरत नाही, डॉक्टर."

पहिला आठवडा डॉक्टर ताठ मानेने वावरले. सहाला ती आली की तिच्याकडे न बघता ते ओलेते निघून जायचे. दुसऱ्या आठवड्यात पंप तसाच चालू राहायला लागला, जाळी कोपऱ्यात पडून राहायची. एकदा बँकेतल्या बाई लालभडक डोळे चोळत बाहेर आल्या. थांबायला वेळ नव्हता म्हणून डॉक्टरांनी क्लोरीन सोडलं आणि लगेच सगळ्यांना उतरवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या बाई आल्याच नाहीत. मग थोरल्या वखारवाल्याचं आणि डॉक्टरांचं पानं कुणी काढायची यावरून वाजलं. "तुम्हाला हौस, तुम्ही काढा," असं थोरला म्हणाला, आणि धाकट्याला घेऊन गेला.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी ती सहाला पोचली तर डॉक्टर एकटेच बाकावर बसले होते. अंगावर कोरडे कपडे, पायाशी जाळी. डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिने मुद्दाम वळसा घेतला, पण त्यांनी हाक मारली.

"बाई, या सगळ्यालाच तास जातो."

"जातो."

"मी साडेतीनला उठतो आता. मग दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागते. चार दिवस झाले, पोहणंच झालं नाही."

"होत नाही."

"तुम्ही आठ वर्षं हे..." ते थांबले. वाक्य पुरं करायचं म्हणजे पुढचा शब्द काढावा लागला असता, आणि तो त्यांच्या तोंडात बसत नव्हता. मग त्यांनी सूर बदलला. "पुन्हा पाचला उघडा. जादा वेळेचं मी समितीकडून मंजूर करून आणतो."

"नको."

"चौघांची तब्येत आहे त्यात."

"माझीही आहे."

"इतका आकस बरा नाही, बाई."

"मला बरा वाटतो," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.

डॉक्टरांनी किल्ली तिच्या हातात न देता बाकावर ठेवली आणि ते उठून गेले. माफी मागितली नाही, तिने अपेक्षाही केली नव्हती. पुढच्या महिन्यापासून ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या तलावावर जायला लागले. तिथे पाचला उघडतात म्हणे. तिथला पहारेकरी एकदा बसथांब्यावर भेटला तर डॉक्टरांचं नाव काढताच कचकचून शिव्या घालू लागला. तिने त्या सगळ्या ऐकून घेतल्या, मध्येच एक-दोन शब्द पुरवलेही.

वखारवाले भाऊ आणि बँकेतल्या बाई आता सहाला येतात, शाळेच्या पोरांच्या गोंगाटात पोहतात आणि कुरकुरतात. तिला वाटलं होतं, आता सुखाने झोपू. पण साडेतीन वाजले की डोळे टक्क उघडतात. आठ वर्षांची खोड, समितीच्या ठरावाने जात नाही. अंधारात छताकडे बघत ती पडून राहते, आणि ज्या तासासाठी ती भांडली तो तास डॉक्टरांवर चरफडण्यात जातो.

परवा सासूबाईंच्या ते लक्षात आलं. पलीकडून त्या म्हणाल्या, "जागीच आहेस ना? मग कूस किती वेळ बदलशील? एक तर झोप, नाहीतर ऊठ."

ती उठली नाही. पांघरूण डोक्यावर ओढून, दात आवळून, साडेचार वाजेपर्यंत हट्टाने पडून राहिली.