शिक्क्याची खोटी साक्ष

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. वर लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर तीन शब्द : ‘फोनवर खात्री केली’. टेबलावर माझ्या शेजारी ‘रद्द’ राहायचा. त्याने एका शब्दावर सारी हयात काढली, तरी लोक त्याला वचकून असत. मला तीन शब्द मिळाले आणि आज त्या तिन्हींची लाज वाटते.

मला बनवून घेतलं ते शिड्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी. त्यांच्या कानावर आलं होतं की, भामटे ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने पत्र पाठवतात, ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे नव्या खात्यात भरा’ असं लिहितात आणि भली माणसं भरतातही. म्हणून त्यांनी नियम केला. खातं नवं किंवा बदललेलं असेल, तर आधी त्या व्यापाऱ्याला आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा. माणसाशी बोलायचं आणि मगच बँकेच्या फॉर्मवर माझा ठसा उमटवायचा.

“पत्रातच नंबर दिलेला असला तर?” हिशेबनीस तात्यांनी विचारलं.

“तो भामट्याचाच असणार. तो काय, खातं चुकीचं आहे म्हणून सांगेल तुम्हाला?”

तात्यांनी मान डोलावली आणि मला ताब्यात घेतलं.

पहिली दोन वर्षं आम्ही दृष्ट लागावी असं काम केलं. तात्या एका फोनला अर्धा तास घ्यायचे. व्यापाऱ्याचं खातं, व्यापाऱ्याचा दमा, व्यापाऱ्याच्या धाकट्याची नोकरी, सगळ्याचीच खात्री करून घ्यायचे. मग मला शाईच्या गादीवर टेकवून फॉर्मवर दाबायचे. बँकेतल्या ताई तर म्हणायच्या, “तात्या, तुमचा शिक्का दिसला की मला पुढचं काही बघावंच लागत नाही.” मी त्या दिवशी इतका फुगलो की मूठ सैल झाली. ताईंनी पुढचं बघायला हवं होतं, हे तेव्हा मला कळलं नाही.

हळूहळू तात्यांच्या लक्षात आलं, की फोनवर सगळे शेवटी ‘हो, बरोबर आहे’ एवढंच म्हणतात. मग ते सोमवारी सकाळी कोऱ्या फॉर्मचा अख्खा गठ्ठा पुढ्यात घेऊन मला एका दमात पन्नासदा दाबू लागले.

समोरच्या टेबलावर पत्रं टाइप करणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “अहो तात्या, फॉर्म कोरे आहेत. फोन कुणाला केलात?”

“करणार आहे हो. शिक्का आधी, फोन मागून. जेवणाआधी हात धुतो ना आपण, तसं.”

“हात धुऊन कुणाचं पोट भरलेलं पाहिलं नाही मी.”

तात्या हसले. मीही मनातल्या मनात हसलो. खोटं बोलतोय हे मला कळत होतं, पण एका सकाळी पन्नास ठसे कोणत्या शिक्क्याला नको असतात?

आणि मग ती ईमेल आली. आमच्या कारखान्याला वीस वर्षं अॅल्युमिनियमचे पाइप देणाऱ्या काकांच्या नावाने. ‘तपासणीमुळे जुनं खातं बंद आहे. आज तीनच्या आत नव्या खात्यात पैसे भरा, नाहीतर माल अडकेल. तुमचा गुडघा कसा आहे?’

गुडघ्याची चौकशी वाचून तात्यांना भरून आलं. काकांची ईमेलची पेटी चोरांनी उघडली होती आणि तात्यांच्या गुडघ्यासकट सगळा जुना पत्रव्यवहार वाचला होता, हे त्यांना कुठून माहीत असणार? अडीच वाजले होते. त्यांनी गठ्ठ्यातला एक फॉर्म भरला आणि तसेच बँकेत गेले.

“तात्या, खातं नवीन दिसतंय. काकांशी बोललात ना?” ताईंनी विचारलं.

तात्यांनी माझ्या ठशावर बोट ठेवलं. “मग हे काय आहे?”

ताईंनी ठसा पाहिला आणि पैसे पाठवले. कारखान्याचे चार महिन्यांचे पगार निघतील एवढे.

पाचव्या दिवशी काकांचा फोन आला. “काय तात्या, विसरलात की काय आम्हाला? पैसे आले नाहीत अजून.”

मालकीणबाईंनी तडक बँकेतल्या ताईंना बोलावून घेतलं. काकाही आले, सोबत त्यांची सून. काकांच्या दुकानात फोन तीच घ्यायची. ताई म्हणाल्या, “पैसे परत मागवलेत. पण चोर ते लगेच दुसऱ्या खात्यांत सरकवतात. एक सांगा, फॉर्मवर शिक्का आहे, म्हणजे तुमच्याकडे कुणीतरी फोन घेऊन हे खातं बरोबर असल्याचं सांगितलं. कोणी सांगितलं?”

सगळे सुनेकडे बघू लागले.

“तात्यांचा फोन आलाच नाही,” ती म्हणाली.

“अगं, शिक्का आहे ना,” काका म्हणाले. “शिक्का कशाला खोटं बोलेल?”

“आणि मी बोलेन?”

काकांनी तिच्याकडे पाहणं टाळलं. तात्या गप्प बसले. एका वाक्याचं काम होतं, पण ते गुडघा चोळत राहिले. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होतो. दोन दिवस बँक त्या मुलीची खाती तपासत राहिली आणि तेवढ्या वेळात पैसे सावकाश लांब निघून गेले.

तिसऱ्या दिवशी मावशींनी टाइप करणं थांबवलं. “तात्या, तुम्ही सांगताय की मी सांगू?”

तात्या उठले. खणातून उरलेले कोरे फॉर्म काढले, एकूणएक माझ्या ठशाचे, आणि मालकीणबाईंपुढे ठेवले. “मी फोन केलाच नव्हता,” ते म्हणाले.

पैशांचा तिसरा हिस्सा कसाबसा हाती लागला. “हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर आणखी अडवता आले असते,” ताई म्हणाल्या; पण तात्यांकडे न बघता. ताईंनी तरी माझ्यापलीकडे कुठे पाहिलं होतं?

तात्या माफी मागायला काकांच्या दुकानात गेले, तेव्हा मला खिशात घालून घेऊन गेले. सुनेने ऐकून घेतलं. म्हणाली, “पैशांचं तुम्ही मोठी माणसं बघून घ्या. तीन दिवस मामंजी माझ्यासमोर गल्ल्याला कुलूप लावून जेवायला जात होते. त्याचं काय करू?”

तात्यांनी तिच्यापुढे हात जोडले. माझ्यापाशी तर तीनच शब्द होते आणि तेही खोटे.

आता कारखान्यात शिक्का चालत नाही. कोणाशी बोललो, कोणत्या नंबरवर, किती वाजता, हे फोन ठेवल्यावर हाताने लिहावं लागतं आणि मावशी खाली सही करतात. मी टाचण्यांच्या डब्यात पडून असतो. तक्रार नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही पैसे पाठवाल. कुणी घाई केली, खातं बदललं म्हणालं, तर आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. माझ्यासारख्याच्या भरवशावर राहू नका. आणि चूक झालीच, तर त्याच क्षणी सांगून टाका. लाज काय, सांगितल्यावरही वाटते; मला अजून वाटते आहे. पण तुम्ही गप्प बसलात, तर तुमच्या जागी दुसऱ्याच कुणाला तरी मान खाली घालून बसावं लागतं.