उंच आणि हलकी

मृणाली आरोग्यसेविका होती. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं उपकेंद्र. आठवडाभर ती तिथल्याच खोलीत राहायची आणि शनिवारी जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी यायची. तिच्याकडच्या पाड्यांपैकी दोन खिंडीपलीकडे होते. तिथे स्कूटी चढत नसे. लसींचा डबा खांद्याला लावून ती पायी जायची आणि परतताना गुडघे बोलू लागायचे. म्हणून डांबरी रस्त्यावरही पळेल आणि डोंगरातही चढेल अशी गाडी घ्यायचं ठरलं.

ठरलं तेवढंच. कोणती घ्यायची यावर तिचं आणि प्रशीलचं, तिच्या नवऱ्याचं, महिनाभर जुळत नव्हतं.

प्रशील एका पतपेढीत कारकून होता. संध्याकाळी जेवताना मोबाईल तांब्याला टेकवून तो गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. त्याचं मन दोनशे सीसीच्या एका उंच गाडीवर बसलं होतं. मृणालीची उंची पाच फूट. शोरूममध्ये ती त्या गाडीवर बसली तेव्हा दोन्ही पाय अधांतरी राहिले.

"सवय होते," प्रशील म्हणाला.

"सवय होईपर्यंत पडायचं कुणी?"

त्यावर तो पुन्हा एकदा गाडीभोवती फिरून आला.

शेवटी धुळ्याच्या यादवने तोडगा काढला. यादव प्रशीलचा जुना मित्र, वापरलेल्या मोटारसायकली घ्यायचा-विकायचा. त्याच्याकडे दोन गाड्या आल्या होत्या: एक ती उंच, दुसरी दीडशे सीसीची, अंगाने बारीक आणि हलकी. दोन्ही घेऊन जा, चालवून बघा, सोमवारी सांगा, असं तो म्हणाला. किल्ल्या देताना मृणालीकडे वळून अहिराणीत बोलला, "वैनी, ही उंच शे, पन दमदार शे. घाटमा दम नही सोडस. ती दुसरी गरीब शे, तुमनं ऐकी."

शनिवारी दुपारी धुळ्याहून निघून अमळनेरमार्गे दोघं उपकेंद्राकडे आले. प्रशील उंच गाडीवर, मृणाली हलक्या गाडीवर. मोठ्या रस्त्यावर उंच गाडी पाण्यासारखी वाहत होती. ट्रक मागे टाकायला प्रशीलला गिअरसुद्धा बदलावा लागत नव्हता. हलक्या गाडीचं तसं नव्हतं. जरा वेग वाढला की हॅन्डल थरथरायचं आणि मोठी बस शेजारून गेली की गाडी हवेने ढकलल्यासारखी सरकायची. उतरल्यावर मृणालीचे तळवे बधिर झाले होते.

"बघितलंस?" प्रशील म्हणाला. चेहऱ्यावर समाधान होतं.

रविवारी सकाळी ऊन वर आल्यावर दोघं खिंडीकडे निघाले. पाड्यांवर फारसं कुणी नव्हतं. बाजाराचा दिवस, माणसं पहाटेच खाली उतरली होती. रस्ता म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि सुटे दगड. खिंडीपर्यंत चढ, मग तेवढाच उभा उतार, खाली नाला, नाल्यापलीकडे पुन्हा पाड्याकडे चढ. मोबाईलची रेंज खिंडीतच संपायची.

उतारावर मृणाली दोन्ही पाय जमिनीला घासत हळूहळू उतरली. जिथे भीती वाटली तिथे थांबली. प्रशील पुढे गेला होता. नाल्याच्या काठावर थांबून त्याने मागे पाहिलं, हात हलवला, आणि पाण्यात गाडी घातली.

पाणी पोटरीएवढंच होतं. पण तळाचे दगड शेवाळलेले. पुढचं चाक घसरलं, तो पाय टेकवायला गेला आणि पाय दोन दगडांमध्ये गेला. गाडी त्याच्यावर आडवी झाली.

तो ओरडला नाही. नुसतं "मृणाली" म्हणाला.

ती पाण्यात उतरली. गाडी काठाच्या बाजूला पडली होती, त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत तिच्याखाली अडकला होता. तिने आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग सीटखाली दोन्ही हात घालून जोर लावला. गाडी वीतभर उचलली गेली, तिचा पाय शेवाळावरून सटकला, आणि गाडी पुन्हा त्याच पायावर बसली. या वेळी प्रशील ओरडला.

"थांब, थांब. हात नको लावू."

पण पाण्यात लाल रेघ वाहताना तिला दिसली. थांबायला वेळ नव्हता.

तिने एक लांबट दगड शोधून आणला. सीटला पाठ लावून खाली बसली, पाय घट्ट रोवले आणि सगळा जोर मांड्यांत आणून मागे रेटलं. गाडी हलली. "दगड सरकवा," ती दातांतून म्हणाली. प्रशीलने कोपरावर उठून दगड खाली सारला आणि पाय ओढून घेतला.

घोटा वाकडा झाला होता. त्याहून वाईट म्हणजे फूटरेस्टचं टोक पोटरीत घुसून मांस चार बोटं लांब फाटलं होतं. तिने ओढणी घडी करून जखमेवर दाबली, उरलेल्या टोकाने करकचून बांधली. रक्त कमी झालं, थांबलं नाही. प्रशीलच्या कपाळावर घाम आला होता, ओठ पांढरे पडत होते.

"तू जा, कुणाला तरी घेऊन ये," तो म्हणाला.

तिने विचार केला. खिंडीत जाऊन फोन केला तरी ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यापर्यंतच येणार. चार माणसं जमवून इथवर आणायची तर दुपार होणार. तोवर हा एकटा, आणि शुद्ध गेली तर जखम दाबणारं कुणी नाही.

"मी नेते तुम्हाला. बोलत राहा फक्त."

हलकी गाडी काठावर उभी होती. तिने त्याला आधार देत काठावर आणलं आणि एका दगडावर चढवून मागे बसवलं. पहिल्या गिअरमध्ये गाडी निघाली, थोडी चढली, आणि उभ्या वळणावर इंजिन गुदमरलं. दोघांचं ओझं तिला पेलत नव्हतं. गाडी बंद पडून मागे घसरू लागली. ब्रेक दाबूनही चाक दगडांवरून सरकत राहिलं. मागच्या मातीच्या दरडीला टेकली तेव्हाच थांबली. प्रशीलचं डोकं तिच्या पाठीवर आपटलं. आणखी हातभर बाजूला गेली असती तर खाली नाल्यातच.

"उंच गाडी," प्रशील हळूच म्हणाला. "ती ओढेल."

"माझे पाय पुरत नाहीत."

"माहीत आहे."

त्याला दरडीला टेकवून बसवून ती पुन्हा खाली गेली. पडलेल्या गाडीचं हॅन्डल धरून तिने ती आधी पाण्यातून इंचाइंचाने फिरवली, चाकं उताराकडे येतील अशी. पुढे सरकू नये म्हणून गिअरमध्ये टाकली. मग पुन्हा पाठ लावून रेटा दिला. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा गाडी उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. क्लचची दांडी वाकली होती. बटण दाबलं, इंजिन खोकलं, पुन्हा दाबलं, आणि ते धरलं.

दरडीपर्यंत तिने गाडी शेजारून चालत, अर्ध्या क्लचवर आणली. दरडीवरूनच प्रशील सरकत मागे बसला. तीही तिथूनच चढली, डावा पाय मातीच्या कडेवर ठेवून. उजवा पाय हवेत होता.

"आता मी थांबणार नाही," ती म्हणाली. "काहीही झालं तरी. घट्ट धरा."

तिने पाय उचलला.

गाडी चढू लागली. दगड चाकाखालून उडत होते, हॅन्डल हातातून निसटू पाहत होतं, पण इंजिनाचा आवाज खाली येत नव्हता. वळण गेलं. प्रशील तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. नीट ऐकल्यावर कळलं, तो ऑफिसातल्या लोकांची नावं एकेक करून घेत होता. बोलत राहा म्हणाली होती म्हणून. मग ती नावं विरळ झाली.

खिंडीच्या तोंडाशी बकऱ्यांचा कळप आडवा होता. राखणारा म्हातारा दूर सावलीत बसलेला. मृणालीने हॉर्नवर अंगठा दाबून धरला आणि वेग तसाच ठेवला. थांबली असती तर दोघं गाडीसकट आडवे झाले असते. बकऱ्या शेवटच्या क्षणी फुटल्या. एकीचं अंग तिच्या गुडघ्याला चाटून गेलं.

उतार तिने दुसऱ्या गिअरमध्ये, श्वास रोखून उतरला. उपकेंद्र दिसलं तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला: थांबायचं कसं? तिने गाडी उपकेंद्राच्या ओट्याला अगदी लगटून नेली, ब्रेक दाबला आणि पाय ओट्यावर टेकवला. शेजारच्या घरातून आशा कार्यकर्ती भिकुबाई धावत आली. दोघींनी मिळून प्रशीलला उतरवलं. तो शुद्धीवर होता. मृणालीने जखमेवर नवी पट्टी दाबली, भिकुबाईने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पट्टी बांधून झाल्यावर मृणाली प्रशीलचा पाय मांडीवर घेऊन ओट्यावरच बसून राहिली.

पोटरीला टाके पडले, घोट्याला प्लास्टर.

यादव गाड्यांचं काय ठरलं ते विचारायला पिंप्राळ्याला आला तेव्हा प्रशील कॉटवर पाय उशीवर ठेवून पडला होता. हलकी गाडी पाड्यावरच्या पोरांनी उपकेंद्रापर्यंत आणून दिली होती.

"उंचच घेऊ या," प्रशील म्हणाला. "तिनेच आणलं मला. आता तुला चालवताही येते."

"मला हलकी हवी."

"अगं, ती चढली नाही. तू स्वतः बघितलंस."

"दोघांना घेऊन चढली नाही." मृणाली त्याच्या उशीपाशी बसली. "तिथे मी रोज एकटी जाणार. एखाद्या दिवशी मीच पडेन. त्या दिवशी गाडी माझ्यावर पडली आणि मला उचलता आली नाही, तर कोण येणार? तुम्ही तर इथे."

प्रशीलने उशीवरच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी माझ्या पायांच्या मापानं बघत होतो."

यादवने मान डोलवली आणि उंच गाडीची किल्ली खिशात टाकली.

हलकी गाडी अजून आहे. चढावर दमते, मोठ्या रस्त्यावर थरथरते. गेल्या महिन्यात दोघं तिच्यावरून सावद्याला, मृणालीच्या माहेरी निघाले. प्रशील मागे बसलेला, पाय अजून थोडा आखडलेला. केळीने भरलेले ट्रक एकामागून एक पुढे जात होते आणि प्रत्येक वेळी गाडी हेलकावे खात होती.

"उंच असती तर..." प्रशील बोलू लागला आणि मध्येच थांबला.

मृणालीने आरशात त्याच्याकडे पाहिलं. "तर काय?"

"काही नाही. पुढे टपरी दिसतेय. चहा घेऊ."

तिने गाडी कडेला घेतली.