परातीतला दर्या

मुलांनो, एक पितळी परात डोळ्यांसमोर आणा. तिच्यात समुद्राचं पाणी, पाण्याकाठी ओल्या रेतीचा बांध, त्यामागे बोटाने ओढलेली, एका टोकाला समुद्राला मिळणारी खाडी आणि खाडीकाठी कागदाचं घर. गोवा राज्य झालं त्या वर्षी मांद्र्याच्या शाळेत बाईंनी असा किनारा केला आणि पपईच्या देठाच्या नळीतून मुलांना वारा फुंकायला लावला. लाटांना काही बांध ओलांडता येईना. पाणी मात्र खाडीच्या तोंडातून आत चढत गेलं आणि घर मागून बुडालं.

पंधरवड्याने खरं वादळ आलं, तेव्हा त्याच वर्गातल्या सुवर्णाला ते घर आठवलं. तिची झोपडीही तशीच होती, रेतीच्या उंच टेकाडाआड, खाडीकाठी. आई म्हापशाच्या बाजारात अडकली होती. वाऱ्याने माडांचे शेंडे खाली वाकत होते.

"बाबा, पलीकडे डोंगरार जावया. पाणी मागसून येतला."

होडीला दोर बांधता बांधता बाबा हसले. "फुडे एवढो रेतीचो डोंगर आसा गो! तुझो परातीतलो दर्या माका शिकयता?"

सुवर्णाने खाडीकडे पाहिलं. वेळ ओहोटीची, तरी पाण्यावर तरंगणारी नारळाची सोडणं समुद्राकडे न जाता उलटी गावाकडे धावत होती. खाडीवरच्या साकवाच्या, त्या लाकडी पुलाच्या, फळ्यांखाली वीतभरच जागा उरली होती. साकव बुडाला की डोंगराकडे जायला वाटच नव्हती.

पुन्हा विचारायला ती थांबली नाही. झोपलेल्या धाकट्या भावाला तिने कडेवर घेतलं, "बाबा, मी बाळूक घेवन जातंय!" म्हणून ओरडली आणि हलत्या साकवावर पाऊल टाकलं.