उपटलेली बुटकी रोपं

उमेनो-सानची असागाओ इतकी बुटकी, की गोगलगायसुद्धा फूल हुंगायला मान खाली घालायची. निदान उमेनो-सान तरी तसं सांगायच्या.

असागाओचं फूल पहाटे उमलतं नि दुपारी मान टाकतं. एरवी त्याचा वेल छपरावर चढतो. उमेनो-सानची जात मात्र चार बोटं वाढून कुंडीत गपचूप बसायची, वर फूल पाकळ्यांनी गच्च. चाळीस वर्षांत त्यांनी हे बी कुणाला दिलं नव्हतं.

शेजारचे तोकुनागा-सान कुमामोतोत ट्राम चालवून निवृत्त झालेले. त्यांचीही बुटकीच, पण वेगळी, जाड सुरकुतल्या पानांची. दर उन्हाळ्यात पहाटे पाचला दोघं कुंडीला कुंडी लावून बांबूच्या पट्टीनं उंची मोजायचे.

त्या वर्षी जूनच्या पावसात तोकुनागा-सान सहज डोकावले. अर्ध्या कुंड्यांत कळ्या बारीक दिसल्या.

“ही तुमच्या जातीची दिसत नाहीत, भाड्यानं आणलीत का?” त्यांनी विचारलं.

बारीक कळीचं फूल साधं, एकेरी. पण गच्च फुलाला बी धरत नाही. बी धरतात ती ही साधी भावंडंच. म्हणून ती घरामागे लपवून जपायची असतात. उमेनो-सानना हे पाठ होतं. पण बोलणं झोंबलं. तोकुनागा-सान वळल्याबरोबर त्यांनी बारीक कळ्यांची अकराच्या अकरा रोपं उपटली आणि कुंपणाकडच्या उकिरड्यावर फेकली.

जुलैत मोजणी झाली. उमेनो-सानची रोपं अर्ध्या बोटानं बुटकी निघाली. तोकुनागा-साननी वाकून हार मानली. उमेनो-सानचा आनंद चहापर्यंत टिकला. मग फूल कुरवाळताना बोट देठाशी गेलं, आणि त्यांनी सातूच्या चहाचा पेला खाली ठेवला. बियांचं बोंड धरायला एकही साधं रोप मागे ठेवलंच नव्हतं. त्या वर्षी होतं नव्हतं ते सगळं बी पेरलेलं. म्हणजे जात इथेच संपली.

त्यांनी घरातले डबे पालथे घातले. एक दाणा मिळाला नाही.

ऑगस्टमध्ये कपडे वाळत घालताना त्यांची नजर कुंपणापलीकडे गेली. तोकुनागा-सानच्या न्हाणीघरामागे तोफूच्या जुन्या टोपल्यांत अकरा बुटकी रोपं उभी होती. बोंडं टपोरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी कलिंगड घेऊन त्या गेल्या. बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं, की जूनमध्ये आपली रोपं आपणहून कुंडीतून उतरली, ट्रामवाल्याचं घर बघायचं म्हणाली आणि कुंपण ओलांडून निघून गेली.

“अकराही?” तोकुनागा-साननी कलिंगड कापत विचारलं.

“रांगेत. तुमच्या ट्रामला थांबतात तशी.”

“उकिरड्यावर मला भेटली तेव्हा आडवी होती.”

“दमली असतील.”

तोकुनागा-साननी बिया काढून फोड पुढे केली. ते हसले नाहीत. “परतीचं तिकीट लागेल,” ते म्हणाले.

उमेनो-साननी निम्मी फोड खाल्ली.

“निम्मं बी तुमचं,” त्या शेवटी म्हणाल्या.

सप्टेंबरात बोंडं तडकली. काड्यापेटीच्या दोन रिकाम्या डब्यांत बी वाटलं गेलं. पुढल्या उन्हाळ्यात दोन्ही अंगणांत एकच जात होती. उमेनो-सान मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, तोकुनागा-सानची उंच आहे. अर्ध्या बोटानं.