खुशबूच्या नावाचा डबा

"थे पेज नका देऊ माय पोरीले," म्हणत रत्नमालाने बेबीबाईचा हात धरला.

बेबीबाईच्या हातात प्लास्टिकची पन्नी होती आणि पन्नीत चौकातल्या टपरीवरची उकळती पेज. पहाटे सुनेला कळा सुरू झाल्या तशी ही बाई दिघोरीहून पवनीच्या दवाखान्यात आली होती. सून अंजू आता मोकळी होऊन खाटेवर निजली होती, कुशीत मूठभर पोरगी. सकाळपासून सासूच्या पोटात चहाचा घोट नाही, आणि त्यात ही वॉर्डातली आया पेज देऊ नको म्हणते. डोकं फिरणारच की.

"काहून नको? ताजी हाय. माह्यासमोर भरली त्यानं."

"पेज चांगलीच हाय. पन्नी वाईट हाय. गरम पडलं का तिच्यातलं केमिकल पेजेत उतरते. दिसत नाई, वास येत नाई. पोरगी खाईन, अन् दुधातून लेकराच्या पोटात जाईन."

"आमच्याकडं धानाच्या रोवण्यावर चहा पन्नीतच येते बाई. काय झालं कोणाले?"

"आजच्या आज काई होत नाई माय. म्हणून त सारे घेतेत."

रत्नमाला काही डॉक्टर नव्हती. सुलोचनाबाई सिस्टरांनी एकदा हे समजावून सांगितलं आणि हिने पदराला गाठ मारली. तेव्हापासून खिडकीतल्या उन्हात तापणाऱ्या, पाणी भरलेल्या कोल्ड्रिंकच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या की ओतून टाकायच्या आणि बाळंतिणीला माठातलं पाणी द्यायचं, हा तिचा नेम. दवाखान्यातले तिला मागून 'पन्नीवाली' म्हणत. म्हणेनात बापडे.

पण नुसतं बोलून कोणाचं पोट भरतं? कळा सुरू झाल्यावर भांडीकुंडी बांधून कोण निघतं? हे कळलं तशी रत्नमाला घरून भांडी आणू लागली. कडीचा डबा, पातेल्यासारखा गंज, पेले. भांडी बाळंतिणीबरोबर गावाला जात ती जातच. रिकामं भांडं परत करू नये ही आपली रीत, आणि भरून द्यायला हात मोकळा होईस्तोवर लेकरू रांगायला लागतं. मग कुठली रत्नमाला आणि कुठला डबा.

ती भांडी खुशबूची होती. एकुलती एक लेक. तिच्या लग्नात आंदण द्यायला म्हणून नवरा-बायको दर वर्षी एक भांडं घेत. बाजारात मशीनवाल्याकडून त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेत, आणि पोरगी उकिडवी बसून नाव उमटताना बघे. घरी येईपर्यंत त्यावरून बोट फिरवत राही. नववीत असताना तापाने गेली. भांडी नवी ती नवीच राहिली.

आता त्यातला एकच डबा उरला होता.

दुपारच्या सुटीत रत्नमाला घरी आली, तर फळीवर डबा नव्हता. लागूनच नवऱ्याचं, संघपालचं, सायकल दुरुस्तीचं दुकान. तो ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता.

"अजी, डबा कुठं हाय?"

"कोणता?" मान वर न करता त्याने विचारलं. म्हणजे यानेच लपवला.

"एक बाळंतीण हाय जी. पन्नीतून पेज आणून राहिली सासू."

"साऱ्या तालुक्याच्या बाळंतिणी पाळाचा ठेका घेतला काय तू?" मग त्याचा आवाज खाली आला. "एवढा राहू दे, रत्ना. घरात पोरीचं नाव वाचाले काई त पायजे."

भांडी कोणाच्या तरी संसाराला लागावीत म्हणूनच घेतली होती, हे तिने त्याला मागे सांगून झालं होतं. त्यालाही ते पटलेलं होतं. पटणं वेगळं आणि हातून सुटणं वेगळं. तिलाही रात्री त्या डब्यावरून हात फिरवल्याशिवाय झोप लागत नसे, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिने चुलीजवळचा भाताचा गंज उचलला, वर ताटली झाकली आणि टपरीवर जाऊन पेज भरून घेतली. गंजाला ना कडी ना कान. पदरात धरून ती भर उन्हात दुकानासमोरून निघाली. ताटली सरकली, पेज हिंदकळली, मनगटावर सांडली. रत्नमाला थांबली, ओठ दाबून धरले, गंज खाली टेकवला नाही. पुन्हा चालू लागली. संघपाल हातात ट्यूब धरून बघत राहिला. ट्यूबमधून बुडबुडे येत होते, पण त्याचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी तो वॉर्डाच्या दाराशी आला. बायकांचा वॉर्ड, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा. हात घासून धुतलेले, तरी नखांत काळं वंगण. हातात कडीचा डबा आणि डब्यात गरम पेज. रत्नमालाने मनगटावर ओला फडका गुंडाळला होता. त्याने आधी त्या फडक्याकडे पाहिलं.

"लय भाजलं काय वं?"

"नाई जी."

बेबीबाई पुढे आली. तिने डबा हातात घेतला, उजेडाकडे धरला. "मले वाचता येत नाई भाऊ. काय लिहलं हाय यावर?"

संघपालने रत्नमालाकडे पाहिलं. ती म्हणाली, "खुशबू. आमची पोरगी."

"कुठं दिली?"

रत्नमाला मनगटावरचा फडका पुन्हा गुंडाळू लागली, संघपालने मान खाली घातली. बेबीबाई बाईमाणूस, तिला कळायचं ते कळलं. तिने डबा परत पुढे केला.

"असू दे भाऊ. मी दुसरं काई पाहीन."

"ठेवा जी," संघपाल म्हणाला. "पोरीले पेज द्या. गावालेबी घेऊन जा. चहा, दूध, काईबी गरम यातच आणत जा. पन्नीत नका आणू."

"मंग भरून आणून देईन कवा तरी."

"नका आणू. वापरा." तो जायला वळला, दोन पावलं गेला आणि परत आला. बेबीबाईच्या हातातल्या डब्याकडे बघत हलक्या आवाजात म्हणाला, "फक्त घासताना जरा... नावावर राख नका घासजा. ठिपके बुजतेत."

बेबीबाईने पदराने डबा पुसला आणि अंजूच्या उशाशी ठेवला, नावाची बाजू बाळाकडे करून. संघपाल भाताचा रिकामा गंज काखेत घेऊन घराकडे निघाला.