आत्या वाटाण्याला काय खाऊ घालत होती?

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. तारा वाकवून मला घडवणारा कारागीर मला दुकानाबाहेर ठेवून चहाला गेला, तेवढ्यात कोणीतरी माझी कडी पळवली. नवी कडी बसली, पण मनातला संशय काही गेला नाही. पुढे बरीच वर्षं मी एका न्हाव्याच्या दुकानात टांगलेला होतो. माझ्यातल्या मैनेचं गिऱ्हाइकं तोंडभरून कौतुक करत आणि ओले हात माझ्या गजांना पुसत. मैना म्हातारी होऊन गेली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

न्हाव्याच्या मुलीने, म्हणजे या घरातल्या आईने, मला खाली काढून घासलं, कारण तिच्या लेकीला पोपटाचं पिल्लू हवं होतं. पिल्लू हिरवंगार आणि गोलमटोल, म्हणून त्याचं नाव पडलं वाटाणा. दीडएक वर्ष तो फार गुणी होता. कुणाच्याही खांद्यावर बसायचा, लेकीची वेणी सोडायचा.

मग बाबांची मोठी बहीण राहायला आली. ती ज्या छापखान्यात काम करायची तो बंद पडला होता. या आत्याची खाट माझ्याच खोलीत पडली. ती फारशी बोलायची नाही, आणि न बोलणारी माणसं मला पहिल्यापासून खटकतात.

थोड्याच दिवसांत वाटाणा बिघडला. लेक आत्याजवळ बसली की पिसं फुलवून लेकीच्या अंगावर धावून जायचा. वर्तमानपत्राच्या चिंध्या करून कपाटाखालच्या अंधारात नेऊन ठेवायचा. आईच्या बोटाला तर असा चावला की रक्त थांबेना. आत्याला मात्र त्याने कधी चोच मारली नाही. आता तुम्हीच सांगा, पाणी कुठे मुरत होतं?

मी डोळ्यांत तेल घालून पाहू लागलो. दुपारी घर रिकामं झालं की आत्या हळूच माझं दार उघडायची. वाटाण्याला मांडीवर घेऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत काहीबाही पुटपुटायची. मग तो मान खालीवर हलवायचा आणि तिच्या तळहातावर भिजलेले दाणे ओकायचा. ती घाईघाईने हात पुसायची, दाराकडे बघायची आणि रुमाल उशीखाली दडवायची. ही बाई त्याला विष घालते आहे, याबद्दल माझी खात्रीच पटली.

एकदा तो रुमाल आईच्या हाती लागला. तिने सरळच विचारलं, "ताई, तुम्ही याला काय खाऊ घालता?"

आत्या म्हणाली, "काही नाही गं. तो ओकतो हे कळलं तर तुम्ही त्याला देऊन टाकाल, म्हणून लपवलं."

ते कुणालाच पटलं नाही. बाबांनी वाटाण्याला, जिथून आणला त्या पक्ष्यांच्या दुकानात परत करायचं ठरवलं. आत्या आपली बॅग भरू लागली. लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे सगळे मला घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी वाटाण्याला नीट तपासलं आणि तो कुणासमोर ओकतो ते विचारलं. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

बाई हसल्या. "अहो, ओकत नाही, भरवतो आहे. हा वयात आलाय. यांना जोडीदारीण समजतो, म्हणून दुसरं कुणी जवळ आलं की चावतो."

मग त्यांनी समजावलं, की त्याची पाठ कुरवाळू नका, फक्त डोकं खाजवा. कपाटाखाली तो घरटं करतो आहे, ती जागा बंद करा. रात्री लवकर झाकून पुरेशी झोप घेऊ द्या. चावला तर ओरडू नका, शांतपणे खाली ठेवा.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आत्याचा हात धरून माफी मागितली. आत्याने माझ्या गजांतून बोट घालून वाटाण्याचं डोकं खाजवलं.

"तुमच्याकडे आल्यापासून," ती म्हणाली, "मला आपणहून काही भरवलं ते यानेच."

त्या दिवसापासून घरात आत्याला सोडून कुणी जेवायला बसत नाही. वाटाणाही हळूहळू निवळतो आहे, तरी कधीमधी चावतोच.

मित्रांनो, घरातला पक्षी, नाहीतर माणूस, अचानक वेगळं वागू लागला तर लांबून पाळत ठेवू नका. जवळ जाऊन त्याला काय होतंय ते विचारा. मला नुसतं दार आहे. तोंड तुम्हाला आहे.